मान कुणाचा, कारभार कुणाचा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. माणगंगेच्या काठी माणसांचा पूर लोटतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि 'चांगभलं'च्या गजरात रथ पुढे सरकतो. रथाला हात लावणारे हजारो असतात, पण मानकरी ठरलेले असतात. मान पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. यात्रेची व्यवस्था, हिशेब, पाणी, बंदोबस्त हा मात्र वेगळा विषय. तो कारभाऱ्यांचा. मान एकीकडे आणि कारभार दुसरीकडे ही गोष्ट माणदेशातल्या पोरालासुद्धा समजावून सांगावी लागत नाही.

या प्रकरणात आपण आशिया खंडातल्या देशांचे प्रमुख पाहणार आहोत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांचे तक्ते असतात. देशाच्या नावापुढे दोन रकाने, एक राष्ट्रप्रमुखाचा आणि एक शासनप्रमुखाचा. विद्यार्थी ती नावं घोकतात, निवडणूक झाली की नाव बदलतं आणि घोकलेलं वाया जातं. नावांपेक्षा त्या दोन रकान्यांमधलं नातं टिकाऊ असतं. ते एकदा उमगलं की कुठल्याही देशाची बातमी कळू लागते. राष्ट्रप्रमुख म्हणजे देशाचा मानकरी: ज्याच्या नावाने कायदे निघतात, ज्याला परदेशी वकील आपली अधिकारपत्रं सादर करतात. शासनप्रमुख म्हणजे कारभारी: जो रोजचे निर्णय घेतो, तिजोरी आणि फौज सांभाळतो.

कुठलाही देश समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. शिक्का कुणाचा? कारभार कुणाचा? आणि कारभाऱ्याला जाब कोण विचारणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तक्त्यात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर तक्त्यात नसतं, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. ते शोधायला आपण आधी सातारा-सांगलीचीच वाट धरू, कारण या दोन जिल्ह्यांनी अडीचशे वर्षांत या प्रश्नांची जवळजवळ सगळी उत्तरं जगून पाहिली आहेत.

साताऱ्याची गादी, पुण्याचा कारभार

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा मान आणि कारभार एकाच ठिकाणी होते. अष्टप्रधान होते, मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते. पण प्रधानांनी कामं करायची आणि निर्णय छत्रपतींचा, अशी ती घडी होती. पुढे राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे नवं पद निर्माण झालं आणि ते प्रल्हाद निराजींना मिळालं. नावातच अर्थ होता: राजाच्या वतीने उभा राहणारा. या पदाचा मान पेशव्याच्याही वर. नंतर ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावलं. हेच औंधचे पंतप्रतिनिधी. हे नाव लक्षात असू द्या, प्रकरणाच्या शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

१७०८ मध्ये शाहू महाराज साताऱ्याला गादीवर बसले. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७२० मध्ये बाजीराव आणि १७४० मध्ये नानासाहेब पेशवे झाले. फौजा दूरदूर जाऊ लागल्या, पैसा पुण्याला येऊ लागला, आणि कारभाराचं वजन हळूहळू साताऱ्याहून पुण्याकडे सरकलं. तरी शाहू महाराज होते तोवर शेवटचा शब्द त्यांचाच होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निवर्तले, आणि नात्याचा खरा कस लागला.

पुढची घटना आपल्या भागातली आहे. म्हसवडहून आटपाडी ओलांडून गेलं की सांगोला लागतं. तिथला कोट प्रतिनिधींचे मुतालिक, म्हणजे दुय्यम, यमाजी शिवदेव यांच्या ताब्यात होता आणि ते पेशव्यांना जुमानत नव्हते. १७५० मध्ये सदाशिवरावभाऊ त्यांच्यावर चालून गेले. नवे छत्रपती रामराजे सोबत होते. तिथेच करार झाला, आणि राज्याचा कारभार पेशव्यांनी पाहावा हे छत्रपतींनी मान्य केलं. तोवर जे चालीने घडत होतं ते सांगोल्याला कागदावर आलं. मान साताऱ्याला राहिला आणि कारभार पुण्याला गेला. त्याच वर्षी राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी रामराजांना सातारच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं.

मात्र गादी पुसली गेली नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव असे आणि मग 'मुख्य प्रधान' म्हणून पेशव्यांचं. नवा पेशवा झाला की वस्त्रं साताऱ्याहून यायची. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पुरंदरावर पेशवाईची वस्त्रं मिळाली. ती साताऱ्याहूनच आणावी लागली. ज्याच्या मागे लाखाची फौज आहे त्यालाही राज्य करायला ज्याच्याकडे फौज नाही त्याची वस्त्रं लागतात. मानकऱ्याची ताकद म्हणजे ही. तो हुकूम देत नाही, पण हुकमाला 'आपला' हुकूम बनवतो.

आता तिसरा प्रश्न विचारून पाहा. पेशव्याला जाब कोण विचारणार? शाहू महाराजांनंतर विचारू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. छत्रपतींच्या हाती बळ नव्हतं आणि रयतेला विचारण्याची सोय नव्हती. खुर्च्या दोन झाल्या, पण जाब विचारण्याचा हक्क कुणाकडेच गेला नाही. या घडीतली मोठी उणीव ती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं, पण शेजारी रेसिडेंट म्हणून ग्रँट डफ बसवला, आणि १८१९ च्या तहात बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी परस्पर व्यवहार करायला मनाई केली. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडले. १८४८ मध्ये गादीला औरस वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. ज्या खालसा धोरणाने पुढे झाशी आणि नागपूर गिळलं त्याची सुरुवात साताऱ्यापासून झाली.

जपान आणि नेपाळची पेशवाई

ही घडी आपल्याकडेच होती असं नाही. जपानमध्ये सम्राट क्योतोला राहत असे आणि १६०३ पासून तोकुगावा घराण्याचा शोगुन एदो शहरातून, म्हणजे आजच्या टोकियोतून, राज्य चालवत असे. शोगुनपद वंशपरंपरेचं होतं, पण नेमणूक सम्राटाच्या नावाने व्हायची. साताऱ्याची वस्त्रं आणि क्योतोची नेमणूक यांत मोठं साम्य आहे. १८६८ मध्ये शोगुनशाही संपली, तेव्हा ती उलथवणाऱ्यांनी सम्राटाचंच नाव पुढे केलं. अडीचशे वर्षं बाजूला बसलेली गादी पुसली गेली नव्हती, म्हणूनच ते शक्य झालं.

नेपाळात १८४६ मध्ये जंगबहादूर राणा यांनी सत्ता हाती घेतली आणि पंतप्रधानपद आपल्या घराण्यात वंशपरंपरेचं केलं. शाह घराण्याचे राजे राजवाड्यात मानाने राहिले, राज्य राणांनी केलं. हे १९५१ पर्यंत चाललं. दोन्ही देशांनी आता पुढची पायरी गाठली आहे. जपानच्या १९४७ पासून लागू झालेल्या संविधानात सम्राट हे राष्ट्राचं प्रतीक आहे आणि पंतप्रधान संसद ठरवते. नेपाळने २००८ मध्ये राजेशाही संपवली. राष्ट्रपती मानाचे, आणि कारभार संसदेला जबाबदार असलेल्या पंतप्रधानांचा. दोन खुर्च्या आजही आहेत, पण आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

म्हसवड आणि आटपाडीमधली सरहद्द

१९३०च्या दशकात म्हसवडच्या वेशीबाहेर पडणारा माणूस सहज दुसऱ्या राज्यात जात असे. म्हसवड इंग्रजी मुलुखात होतं. तिथल्या माणसाचा राजा लंडनला, व्हाइसरॉय दिल्लीला, गव्हर्नर मुंबईला आणि कलेक्टर साताऱ्याला. उत्तरेला फलटण नाईक-निंबाळकरांचं, दक्षिणेकडे जत डफळ्यांचं, आणि शेजारचं आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींचं. औंध संस्थान सलग नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. सगळी मिळून गावं सुमारे ७२.

एवढ्याशा संस्थानात जे घडलं त्याला भारतात तोड नव्हती. राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचलेल्या प्रत्येकाला तालमीसाठी येणारे पंतसरकार आठवत असतील. १९३८ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना या राजाने जाहीर केलं की राज्याचा कारभार आपण प्रजेच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते गांधीजींकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने संविधान तयार झालं आणि जानेवारी १९३९ मध्ये ते लागू झालं.

त्याची रचना खालून वर जाणारी होती. गावाने आपली पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा, आणि तालुक्यांतून संस्थानाची विधानसभा. मंत्रिमंडळ या सभेला जबाबदार. राजा राहिला, शिक्का राहिला, मान राहिला. कारभार मात्र लोकांचा झाला. साताऱ्याच्या गादीचा कारभार काढून घेतला गेला होता. औंधच्या गादीने तो आपण होऊन दिला.

सरहद्दीच्या अलीकडे काय होतं तेही पाहायला हवं. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ आलं. पण गव्हर्नरच्या हाती राखीव अधिकार होते आणि मतदानाचा हक्क थोड्यांनाच होता. महायुद्ध सुरू झालं, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामे दिले आणि कारभार पुन्हा गव्हर्नरकडे गेला. म्हसवडवर गव्हर्नरचं राज्य असताना शेजारी आटपाडीत निवडलेल्या पंचायती चालत होत्या.

लोकांच्या हाती कारभार दिल्याने काय बदलतं याची एक खूण आटपाडीजवळ आजही उभी आहे. तिचं नाव स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू देणारी ही खुली वसाहत औंध संस्थानाने वसवली. त्यामागे फ्रीडमन यांची कल्पना आणि मेहनत होती. माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. माणसावर विश्वास टाकला तर तो जबाबदार होतो, ही वसाहतीमागची श्रद्धा. संविधानामागेही तीच होती.

याच काळात या भागात आणखी एक राजवट जन्मली. १९४२च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलं. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे इंग्रजी पोलिसांना तिथे मोकळा हात नव्हता, आणि जी. डी. बापू लाडांच्या या गावाने कार्यकर्त्यांना आसरा दिला. प्रतिसरकारला राजा नव्हता, शिक्का नव्हता, कुठल्याही देशाची मान्यता नव्हती. पण ते न्यायनिवाडे करत होतं, गुंडांना वेसण घालत होतं, कमी खर्चातली गांधी लग्नं लावत होतं. मानाशिवाय नुसता कारभारही लोकांच्या संमतीवर उभा राहू शकतो, हे या दोन जिल्ह्यांनी दाखवलं.

८ मार्च १९४८ रोजी औंधसह दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. म्हसवड साताऱ्यात आणि आटपाडी सांगलीत अशी आज जी हद्द दिसते, तिच्या मुळाशी जुनी राज्यसीमा आहे.

तीन प्रश्न घेऊन आशियाची फेरी

आता हे तीन प्रश्न घेऊन खंडभर फिरू. सगळ्यांत आधी भूतानला जायला हवं, कारण तो औंधचा धाकटा भाऊ शोभेल. तिथले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९९८ मध्ये रोजचा कारभार मंत्रिमंडळाकडे दिला, २००६ मध्ये गादी मुलाच्या हाती सोपवली, आणि २००८ मध्ये निवडणुका होऊन संविधान लागू झालं. राजाने ६५व्या वर्षी निवृत्त व्हावं असं त्यात लिहिलं आहे. प्रजेने मागण्याआधी राजाने दिलं. औंधने हे भूतानच्या ६९ वर्षं आधी केलं होतं.

मलेशियात नऊ घराण्यांचे शासक आहेत. ते आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. फलटण, औंध, जत, सांगली, मिरज यांनी पाळीपाळीने एकाला छत्र द्यावं, तसं. कारभार पंतप्रधानांचा. कंबोडियातही राजा एक समिती निवडते. थायलंडमध्ये १९३२ पासून संविधानाने बांधलेली राजेशाही आहे, पण लष्कराने तिथे वारंवार सत्ता घेतली आहे. म्हणून तिथे तिसरा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

आखाती देशांत मान आणि कारभार सहसा वेगळे होत नाहीत. ओमानचे सुलतान स्वतःच पंतप्रधान असतात; आखाताबाहेरच्या ब्रुनेईतही तसंच. सौदी अरेबियात राजाच पंतप्रधान असायची रीत होती. २०२२ मध्ये राजाने ते पद युवराजाला दिलं, पण घर एकच. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त अरब अमिरातींत सात अमिराती आहेत. अबू धाबीचा शासक राष्ट्राध्यक्ष आणि दुबईचा शासक पंतप्रधान अशी तिथे रूढी पडली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरचे लाखो लोक पोटासाठी देशभर आणि देशाबाहेर पांगले आहेत. त्यांतल्या जे आखातात आहेत त्यांना ही घडी रोज अनुभवायला मिळते.

चीनमध्ये एक राष्ट्राध्यक्ष आणि एक पंतप्रधान आहे, पण तक्त्याचे हे दोन्ही रकाने अपुरे पडतात, कारण निर्णायक पद पक्षाच्या सरचिटणीसाचं. व्हिएतनाम आणि लाओसमध्येही पक्षच वरचढ. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर सर्वोच्च धर्मनेता राष्ट्राध्यक्षाच्याही वर आहे आणि पंतप्रधानपद १९८९ मध्ये रद्द झालं. उत्तर कोरियाने तर १९९८च्या संविधानात दिवंगत किम इल-सुंग यांना 'शाश्वत अध्यक्ष' ठरवलं. असा तक्ता वाचताना शिक्क्यावरचं नाव आणि सत्तेचं घर एकच असेल असं धरून चालू नये.

काही देशांनी मान आणि कारभार वाटून घेतले ते समाजांमध्ये समतोल राहावा म्हणून. लेबनॉनमध्ये १९४३च्या समझोत्यानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया. इराकमध्येही २००५ नंतर राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया आणि सभापती सुन्नी अशी प्रथा रुजली.

इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये दोन्ही खुर्च्या एकाच निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे. तुर्कस्तानने २०१८ मध्ये पंतप्रधानपद काढून तीच वाट धरली. श्रीलंकेने १९७८ मध्ये बलवान राष्ट्राध्यक्ष आणला, पण पंतप्रधानपद ठेवलं. ज्या सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्या १९९४ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष त्यांची कन्या चंद्रिका होत्या. आई तीच आणि पद तेच, पण अधिकार आता लेकीकडे होते, कारण मधल्या काळात संविधान बदललं होतं. पदाच्या नावावरून सत्ता ओळखता येत नाही याचा याहून बोलका दाखला सापडणं कठीण.

हाँगकाँग आणि मकाव यांना राष्ट्रप्रमुख नाही, कारण ते देश नाहीत. १९९७ आणि १९९९ मध्ये ते चीनकडे आले आणि तिथे मुख्य कार्यकारी नावाचा शासनप्रमुख असतो. शिक्का एकीकडचा आणि कारभार दुसरीकडचा ही स्थिती १८१८ नंतरच्या साताऱ्याने भोगली होती. अशा प्रदेशाचं भवितव्य त्याच्या कारभाऱ्यापेक्षा शिक्का धारण करणाऱ्यावर अधिक ठरतं.

आपलं घर

भारताने २६ जानेवारी १९५० पासून दोन खुर्च्यांची पद्धत स्वीकारली. राष्ट्रपती मानाचे, पंतप्रधान कारभाराचे. राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि आमदार निवडतात. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे हे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केलं आणि १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. राज्यांत राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांचं नातं याच धर्तीवर आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांनी या खुर्च्या जवळून पाहिल्या. तेव्हाच्या साताऱ्यातल्या आणि आजच्या सांगलीतल्या देवराष्ट्रे गावचे यशवंतराव चव्हाण १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधान झाले, जे पद संविधानात लिहिलेलंच नाही. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री म्हणून कारभारी होते आणि १९८५ मध्ये राजस्थानचे राज्यपाल होऊन मानकरी झाले. दोन्ही खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला त्यांतलं अंतर कुणी समजावून सांगायला नको.

आणि तिसरा प्रश्न? तो प्रत्येक मतदाराच्या हाती आहे. लोकसभेत बहुमत गमावलं की पंतप्रधानांना जावं लागतं, विधानसभेत गमावलं की मुख्यमंत्र्यांना. हीच साखळी खाली आली की म्हसवडच्या नगरपालिकेपर्यंत आणि माणदेशातल्या एखाद्या वाडीच्या ग्रामसभेपर्यंत येते. टँकर का आला नाही, हा प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारणारी बाई त्याच साखळीचं टोक धरून उभी असते.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. जिंजीच्या किल्ल्यात जन्मलेल्या 'प्रतिनिधी' या पदाचा अर्थ होता राजाच्या वतीने बोलणारा. शतकानुशतकं ते एका घराण्याचं आडनाव बनून राहिलं. त्याच घराण्याने १९३९ मध्ये ७२ गावांना आपापले पंच निवडायला सांगितलं. आज आटपाडीच्या बाजारात कुणी 'आमचे प्रतिनिधी' म्हणालं, तर त्याच्या मनात राजा नसतो. आपण मत देऊन निवडलेला आणि पाच वर्षांनी आपल्यासमोर उभा राहणारा माणूस असतो. शब्द तोच राहिला, पण तो कुणाच्या वतीने बोलतो ते बदललं.